पस्तिशीच्या आत

"वय बसत नाही," खिडकीतल्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदांचा गठ्ठा परत सरकवला.

तुर्सुन हसली. खरंच हसली, कारण त्या खिडकीशेजारच्या भिंतीवर लावलेली पाटी तिला तोंडपाठ होती. पदवीच्या पुढे शिकायचं, संशोधन करायचं, तर काय काय लागतं ते त्या पाटीवर ओळीनं लिहिलेलं होतं. पदवी हवी, ती होती. पदवीनंतर नोकरी केलेली हवी. काराबुलाकच्या शाळेत जीवशास्त्र शिकवता शिकवता तिचा घसा बसायची वेळ आली होती. वागणुकीचा दाखला हवा. हेडमास्तरांनी तो इतका गोड लिहून दिला होता की वाचताना तिलाच लाज वाटली. मार्गदर्शकाची लेखी संमती, स्वतःचा निबंध, परकी भाषा, तत्त्वज्ञान, सगळं जमवून ती नारिनच्या डोंगरातून बसनं धक्के खात राजधानीला, फ्रुंझेला आली होती. पाटीवरची शेवटची ओळ होती वयाची. पस्तिशीच्या आत. त्या ओळीकडे तर तिनं कधी नीट बघितलंही नव्हतं.

"अहो ताई, मला आत्ता कुठं चौतिसावं लागलंय," ती म्हणाली. "मी वाघाच्या वर्षातली."

"वाघाच्या?" बाईंनी बोटांवर मोजलं. त्याही किर्गिझच, त्यामुळे त्यांना वर्षाला एक जनावर, असा बारा वर्षांच्या फेऱ्याचा हिशोब शिकवायची गरज नव्हती. "मला तर इथं उंदीर दिसतोय. अठ्ठेचाळीस साल, एप्रिल महिना. छत्तीस पूर्ण झाली तुम्हाला."

तुर्सुननं कागद उलटा करून आपल्याकडे घेतला. कागदावर तिचं नाव होतं अनारकान कादिरोवा, जन्म एप्रिल १९४८. शाळेच्या हजेरीपासून पदवीपर्यंत जन्मभर तिनं हेच तर लिहिलं होतं. हाताला इतकी सवय झाली होती की लिहिताना डोळे कुठं बघत होते देव जाणे. आणि मनात मात्र ती स्वतःचं वय स्वतःच्या जनावरावरून मोजत आली होती, आमच्याकडे सगळेच मोजतात तसं. हे दोन हिशोब एकमेकांसमोर कधी आलेच नव्हते. आज आले, आणि तेही या खिडकीत.

"बाई, हे वर्ष तुमचंच आहे ना?" खिडकीतून विचारणा झाली.

"नाही," तुर्सुन म्हणाली. मग म्हणाली, "हो." आणि कागद गोळा करून बाजूला झाली. मागच्या माणसाला घाई होती.

तिच्या मार्गदर्शक होणार होत्या त्या वेरा इग्नात्येव्हना. पांढऱ्या केसांच्या, फटकळ, डोंगरातल्या झाडांच्या अभ्यासात जन्म घालवलेल्या. वरच्या उतारांवरची स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांची रोपं उभ्या उभ्या का सुकतात हे तुर्सुन शाळेच्या सुट्ट्यांत दहा वर्षं बघत होती, आणि तिनं पाठवलेला निबंध वाचून या बाईंनीच तिला बोलावून घेतलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं आणि हात झटकला.

"एवढंच ना? गावाकडे जन्मसाल चुकीचं लिहितात यात नवीन काय आहे? कोर्टात जा, आईला ने, एखादा म्हातारा साक्षीला ने, दुरुस्त करून आण. परीक्षेच्या आत आण म्हणजे झालं."

"आणि नाही जमलं तर? नोकरी सांभाळून बाहेरून करता येतं म्हणतात. त्याला वयाची अट सैल आहे."

"बाहेरून! आणि सूक्ष्मदर्शक काय तुझ्या गोठ्यात बांधायचा मेंढ्यांच्या शेजारी? वेडी आहेस का तू? पुढच्या वर्षी मी घरी बसणार. ही माझी शेवटची जागा आहे आणि ती मी तुझ्यासाठी धरून ठेवलीय. मुकाट्यानं जा आणि सही-शिक्का घेऊन ये."

तुर्सुननं मान डोलावली. चूक असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. ती चूक नव्हती.

आता ही गोष्ट काराबुलाकमध्ये लपलेली होती असं नाही. आमच्या गावात काय लपतं? पण कुणी बोलायचं नाही, एवढंच. तुर्सुनच्या आधी त्या घरात एक मुलगी झाली होती, उंदराच्या वर्षात, आणि तिचं नाव होतं अनारकान. बाप कादिर मेंढपाळ. हिवाळी मुक्कामाला वर डोंगरात असताना पोरीच्या छातीत कफ भरला. बाहेर बर्फ कमरेएवढं. डॉक्टर खाली, आणि खाली जायची वाटच नाही. चालायला नुकतीच लागलेली पोर दोन-तीन दिवसांत गेली. कादिरनं उतारावर स्प्रूसच्या खाली तिला पुरलं आणि वर एक दगड ठेवला. आई बुरुल तिथं गेली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

मग वाघाच्या वर्षी, कळप खाली उतरत असताना दुसरी मुलगी झाली. कादिर गावच्या कचेरीत नाव नोंदवायला निघाला तर बुरुलनं त्याला दारातच अडवलं. "कशाला हेलपाटा? तिचा दाखला आहे की पेटीत."

"तो तिचा आहे, बुरुल."

"ही कोण आहे मग? तीच आलीय परत. दोनदा नाव नोंदवतात का एका माणसाचं?"

कादिर बिचारा मेंढरांशी बोलणारा माणूस, बायकोशी वाद घालणं त्याला कुठून जमणार? तो परत आत आला. घरात हाक मारायला मात्र सासूनं पोरीच्या कानात दुसरं नाव सांगितलं, तुर्सुन, म्हणजे राहू दे. पोरं जगत नसली की आमच्याकडे असंच नाव ठेवतात. बुरुललाही ते पटलं. एकदा निसटलेली पुन्हा निसटू नये म्हणून नावानं बांधून ठेवली, असं तिचं म्हणणं.

तर कागदावर अनारकान आणि घरात तुर्सुन, अशी ती पोर वाढली. शाळेत वयाच्या मानानं इतकी लहान की मास्तर म्हणायचे, हिला काय घरी खायला घालत नाहीत? उलट बुरुल तिला दोघींचं खायला घालायची. भाकरी मोडली की एक तुकडा द्यायची, "हा तुझा," आणि लगेच दुसरा, "हाही तुझाच." दुसरा तुकडा तुर्सुनच्या घशाखाली उतरायचा नाही, पण ती खायची. गावातल्या बायका मोठेपणी तिची थट्टा करायच्या, "बरं आहे बाई तुझं, पेन्शन दोन वर्षं आधी मिळेल!" लग्नाचं मात्र जमलं नाही. एकाच्या आईनं तर तोंडावर सांगितलं, "मागणी घालायची तर ती कुणाला घालायची?" तुर्सुन त्यावरही हसली होती. हसण्यावारी नेण्याची सवय तिला फार लवकर लागली.

एका गोष्टीवर मात्र ती कधीच हसली नाही, आणि ती म्हणजे शुक्रवारचं तेल.

दर शुक्रवारी संध्याकाळी बुरुल कढईत तेल तापवायची आणि त्यात बोर्सोक सोडायची, पिठाचे लहान लहान तुकडे. हे आमच्याकडे घरोघरी होतं. गेलेल्या माणसांना अन्न लागत नाही, वास लागतो. तेलाचा वास सुटला की ती दाराशी येतात आणि पोट भरून जातात. पण ज्याचं नाव घ्याल त्यालाच तो पोचतो. बुरुल सासूचं नाव घ्यायची, सासऱ्याचं, आपल्या आईबापाचं, आणि पुढे कादिर गेल्यावर कादिरचं. कढईपाशी बसून ती ओठातल्या ओठात एकेकाला बोलवायची. अनारकानला तिनं कधीच बोलावलं नाही.

तुर्सुन लहान असताना बापानं तिला एकदा वरचा तो दगड दाखवला होता आणि आपाला सांगू नकोस म्हणून बजावलं होतं. आपा म्हणजे आई. त्याच शुक्रवारी पोरीनं कढईपाशी विचारलं, "आपा, आणि अनारकानला?"

बुरुलचा पिठाचा हात तिच्या गालावर बसला. "जिवंत माणसाच्या नावानं तेल तापवतात का, मेले? मारायचंय का मला तुला?"

त्या दिवसापासून तुर्सुनला शुक्रवारी दाराकडे पाठ करून बसता यायचं नाही. आजी येते, आजोबा येतात, आपापला वास घेतात आणि जातात. आणि त्यांच्या पायांत एक चालायला नुकतीच लागलेली पोर उभी असते, उंबऱ्याच्या बाहेर. तिला वास येतो पण मिळत नाही, कारण तिला कुणी बोलावलेलं नाही. ती रडतही नाही. नुसती उभी असते. तुर्सुन बारा वर्षांची झाली, वीस वर्षांची झाली, शहरात शिकून शास्त्राची पदवी घेऊन आली, वर्गात मुलांना पेशी आणि रक्त शिकवू लागली. पण शुक्रवार आला की ती दाराकडे तोंड करूनच बसायची. पोर काही वाढली नाही. तेवढीच राहिली.

फ्रुंझेहून परत येताना तुर्सुन आधी तालुक्याला उतरली, साबिराकडे. साबिरा तिची शाळेतली मैत्रीण, आता जन्म-मृत्यूच्या नोंदणी कचेरीत बसत होती. साबिरानं दार लावून घेतलं, चहा ओतला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बये, हे तुला आत्ता सुचलं?"

"मला सुचलं नाही, खिडकीतल्या बाईला सुचलं. काय करता येईल ते सांग."

"दोन वाटा आहेत. खरी वाट म्हणजे अनारकान लहानपणीच वारली म्हणून नोंद करायची आणि तुर्सुन म्हणून तुझी नवी नोंद काढायची, पन्नास सालची."

"मग तीच करू."

"कर की. आणि पदवी कुणाची? शाळेचं प्रमाणपत्र कुणाचं? नोकरीचं पुस्तक कुणाचं? सगळ्यांवर अनारकान लिहिलंय, आणि अनारकान तर दीड वर्षाची असताना मेली. तुर्सुन कादिरोवा पहिलीसुद्धा पास नाही, बाई. वय बसेल तुझं अगदी झक्क. पण शिक्षण शून्य."

तुर्सुननं चहा खाली ठेवला.

"आणि दुसरी?"

"दुसरी सोपी. लिहिताना चूक झाली म्हणायचं. अनारकान पन्नास साली झाली, अठ्ठेचाळीस नाही. आकडा बदलला की पदवीही तुझी आणि वयही तुझं. फक्त आपाला कोर्टात सांगावं लागेल की अठ्ठेचाळीस साली घरात मूल झालंच नव्हतं."

"झालंच नव्हतं?"

"झालंच नव्हतं. मेलं म्हटलंस तर पुन्हा पहिल्या वाटेवर आलीस. तू सांगशील आपाला?"

तुर्सुननं सांगितलं. त्याच संध्याकाळी, चुलीपाशी, एका दमात. बुरुल लोकर पिंजत होती. हात थांबले नाहीत.

"हे तिचं वर्ष आहे," बुरुल म्हणाली. "उंदीर फिरून आलाय. आपलं वर्ष आलं की माणसानं जपून राहावं, नवीन काही काढू नये. पुढच्या वर्षी बघू."

"आपा, पुढच्या वर्षी जागा नाही, बाई नाहीत, काही नाही. दोन वर्षांपूर्वी तुझा पाय मोडला म्हणून मी गेले नाही. गेले असते तर कागदावरही बसले असते."

"मग माझा पाय मोडायला नको होता."

"मी तसं म्हटलं का? माझं वय मला हवंय, एवढंच म्हणतेय मी. दुसऱ्याचं वय घेऊन किती दिवस काढू?"

"दुसऱ्याचं कुठलं? तुझंच आहे ते."

आणि मग तुर्सुनच्या तोंडून ते निघालं, जे त्या घरात कुणीच कधी म्हटलं नव्हतं. "ती मेली, आपा. वर डोंगरात, स्प्रूसखाली आहे ती. दगड बघितलाय मी."

बुरुलनं लोकर खाली ठेवली आणि मुलीकडे बघितलं, पहिल्यांदाच बघितल्यासारखं.

"मग तू कोण आहेस?" तिनं विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर तुर्सुनला परवडलं असतं. म्हातारीला खरोखरच उत्तर हवं होतं. तुर्सुन उठून मेंढ्यांकडे गेली आणि गोठ्यात उभी राहून रडली. जागा गेली म्हणून रडली की कशासाठी, ते तिला धड कळलं नाही.

त्यानंतर बुरुल बोलेनाशी झाली. जेवायला वाढायची, पण भाकरी मोडायची नाही. अख्खी समोर ठेवायची आणि बाहेर जायची. तुर्सुननं वेरा इग्नात्येव्हनांना नकार कळवायचं ठरवलं, आणि मग दोन दिवस कळवलं नाही. जागेची आस सुटत नव्हती. खरं सांगायचं तर ती जागा तिला हवीच होती, अगदी जिवापाड हवी होती. वरच्या उतारावर सुकणारी ती रोपं दुसरं कुणीतरी बघेल, त्यावर दुसऱ्या कुणाचं तरी नाव लागेल, ही कल्पना तिला सहन होत नव्हती. आपण चांगली मुलगी नाही असं तिला वाटलं, आणि वाटलं तरी आस सुटली नाही.

एका सकाळी ती उठली तर बुरुल सणासुदीचा पांढरा रुमाल बांधून ओट्यावर बसलेली. हातात काठी.

"चल," ती म्हणाली. "बस चुकेल."

"कुठं, आपा?"

"मला काय विचारतेस? कोर्टात साक्षीला कोण लागतं ते तुलाच ठाऊक. ओमुरालीला सांगून ठेवलंय, तो फाट्यावर उभा असेल."

गावातले म्हातारे ओमुराली आजोबा फाट्यावर होते, टोपी झटकून, छातीवर युद्धातली पदकं लावून. बसमध्ये त्यांनी तोंड बंद म्हणून ठेवलं नाही. बुरुल खिडकीतून बघत राहिली. डोंगराचं ते वळण आलं, जिथून वरचा उतार दिसतो, तेव्हा तिनं मान खाली घातली आणि वळण संपेपर्यंत वर केली नाही.

जज्ज तरुण होता आणि त्याला त्या दिवशी बरीच कामं होती. त्यानं आधी ओमुराली आजोबांना उभं केलं.

"ही मुलगी पन्नास साली जन्मली हे तुम्ही कशावरून सांगता?"

"वाघाच्या वर्षी, शरदात. माझी कुमैत घोडी त्याच आठवड्यात व्याली. शिंगरू पुढे शर्यतीत पहिलं आलं, विचारा कुणालाही."

"घोडीचं राहू द्या, आजोबा. त्याआधी या घरात दुसरं मूल होतं का?"

म्हाताऱ्यानं बुरुलकडे बघितलं. पदकांवर हात ठेवला, काढला. "साहेब, मी पुरुष माणूस. बाळंतपणं मला काय माहीत?"

"घोडीचं माहीत होतं की," जज्ज म्हणाला. लिहिणारी मुलगी खुदकन हसली. आजोबा खाली बसले.

मग बुरुल उठली. काठी तिनं बाकाला टेकवून ठेवली, हातात घेतली नाही.

"आजी, तुमच्या मुलीचा जन्म केव्हाचा?"

"वाघाच्या वर्षीचा."

"दाखल्यावर अठ्ठेचाळीस आहे."

"चुकलं असेल लिहिणाऱ्याचं."

"तुम्हाला मुली किती?"

तुर्सुनला दार दिसत होतं, उघडं, आणि दाराबाहेरचा कोर्टाचा व्हरांडा. तिकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि ती बघत होती.

"एक," बुरुल म्हणाली.

"म्हणजे अठ्ठेचाळीस साली तुम्हाला मूल झालं नव्हतं? मला स्पष्ट लिहून घ्यावं लागेल."

तुर्सुनचं तोंड उघडलं. दोन, एवढा एकच शब्द म्हणायचा होता. जिभेवर आला होता. तिनं तो गिळला, लहानपणी तो दुसरा तुकडा गिळायची तसा.

"नाही," बुरुल म्हणाली. "नव्हतं झालं."

शिक्का बसला. अनारकान कादिरोवा, जन्म १९५०. ओमुराली आजोबांनी बाहेर येऊन तुर्सुनच्या पाठीवर थाप मारली. "झालीस की गं दोन वर्षांनी तरुण! पेन्शन मात्र लांबली बघ." कुणी हसलं नाही, तेव्हा ते बस येईपर्यंत टोपीशी चाळा करत राहिले.

दिवस शुक्रवारचा होता. घरी पोचल्यावर बुरुलनं रुमालसुद्धा सोडला नाही. सरळ चूल पेटवली, पीठ मळलं, कढई चढवली. तुर्सुन नेहमीसारखी दाराकडे तोंड करून बसली. तेल तापलं. पहिले बोर्सोक पडले आणि फुगले, वास घरभर सुटला. बुरुलनं सासूचं नाव घेतलं, सासऱ्याचं घेतलं. आईबापाचं घेतलं. कादिरचं घेतलं. मग तिनं पिठाचा आणखी एक तुकडा उचलला, आणि तिचा हात कढईवर तसाच थांबला. गरम तेलाची वाफ हाताला लागत होती, तरी तो मागे येईना.

"आपा, हात भाजेल."

"मला नाव घेता येत नाही," बुरुल म्हणाली. "मी आज सगळ्यांसमोर तिला नाही म्हटलं. आयुष्यभर तिला उपाशी ठेवलं, जिवंत आहे म्हणून. आता बोलवायला निघाले तर नाव तुझं झालंय. शिक्का मारून तुझं. अनारकान म्हणून तेलात टाकला तर तो तुझ्या नावानं पडेल. तुला काही झालं म्हणजे? मी कुणाला बोलवू गं? तिला कशी बोलवू?"

म्हातारी रडायला लागली. तुर्सुननं तिला कधी रडताना बघितलं नव्हतं, बाप गेला तेव्हासुद्धा असं नाही. चौतीस वर्षांचं साचलेलं रडू होतं ते. तुर्सुनला जे वाटलं त्याला भीती म्हणता येणार नाही. तिला प्रचंड लाज वाटली. दाराबाहेरची ती पोर आता नुसती उपाशी नव्हती, आता तिला नावही उरलं नव्हतं. आणि ते घेऊन तुर्सुन फ्रुंझेला जाणार होती.

ती उठून चुलीपाशी आली. आईचा हात तिनं कढईवरून बाजूला घेतला आणि पिठाचा तुकडा आपल्या हातात घेतला.

"माझं दे तिला," ती म्हणाली.

"काय?"

"तुर्सुन. ते कुठल्याच कागदावर नाही. जज्जसाहेबांनी विचारलंसुद्धा नाही. आपल्या वर्षात माणसानं अंगावरचं काहीतरी देऊन टाकावं, असं तूच म्हणतेस ना? उंदराचं वर्ष आता माझं नाही, तिचं आहे, पण देणारी मीच. तिचं मी घेतलंय तर माझं तिला जाऊ दे."

बुरुलनं रुमालाच्या टोकानं डोळे पुसले, आणि तिचा आवाज एकदम पहिल्यासारखा कडक झाला.

"मग पुन्हा त्या नावाला ओ द्यायची नाहीस. कुणीही मारली हाक तरी. मी मारली तरी नाही. कळलं?"

"कळलं."

"झोपेतसुद्धा नाही."

"नाही देणार, आपा."

बुरुलनं तुकडा तेलात सोडला. "तुर्सुन," ती हळूच म्हणाली, "ये बाळा. आत ये." आणि दुसरा तुकडा सोडला, आणि तिसरा, आणि दर वेळी तेच. हे नाव तिनं इतक्या मायेनं कधी घेतलं नव्हतं. चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईच्या ओठांवर ओ आला होता. तो तिनं दातांखाली धरून ठेवला. दाराकडे बघायचा धीर तिला त्या दिवशी झाला नाही.

पुढचं सगळं पाटीवरच्या अटींप्रमाणे झालं. खिडकीतल्या बाईंनी नवा दाखला बघून, "आला वाटतं वाघ!" असं म्हणत शिक्का मारला. तत्त्वज्ञानात तिला बरे मार्क पडले, परक्या भाषेत काठावर. जागा मिळाली. गावातून निघताना बुरुल बसपर्यंत आली आणि म्हणाली, "अनारकान, अंगावर गरम घाल गं." तेव्हापासून आईनं तिला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. गावातल्यांनाही हळूहळू सवय लागली. साबिरानं एकदा फोनवर चुकून जुनं नाव घेतलं, तर पलीकडून काहीच उत्तर आलं नाही, आणि लाइन तुटली असं समजून तिनं फोन ठेवला.

वेरा इग्नात्येव्हना तिच्यावर खूश होत्या. रोपांच्या मुळांशी काय होतं ते हळूहळू उमगत होतं. वसतिगृहात तिच्या खोलीत आणखी दोघी होत्या, तरुण, बडबड्या, आणि तिघी मिळून स्वयंपाक करायच्या. त्यातली एक बाकीच्यांना नेहमी सांगायची, आमची अनारकान ना, शुक्रवारी जेवतच नाही. उपास-बिपास नाही हो तिचा काही. दुपारपर्यंत ठीक असते. संध्याकाळ झाली की ताट पुढे केलं तरी हात लावत नाही.

"अगं, एक घास तरी खा," त्या म्हणायच्या. "दुपारपासून काही खाल्लं नाहीस."

ती खिडकीपाशी दाराकडे पाठ करून बसलेली असायची. तसं बसणं तिला आता जमू लागलं होतं. त्या वेळेला तिकडे काराबुलाकात कढई चढलेली असायची, आणि म्हातारी तुर्सुन म्हणून मायेनं बोलवत असायची, एकेक तुकडा सोडत.

"नको," ती म्हणायची. "पोट भरलंय माझं."